सरलाबाईंची हिरवी खूण

निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात. कोणी विपश्यनेला जातं, कोणी गुडघे बदलून घेतं, कोणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडत बसतं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या सरलाबाई गजभिये यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या कच्च्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बघायच्या.

हसू नका. त्यांचे यजमान अशोकराव चार वर्षं हसले आणि शेवटी दमून गप्प बसले.

‘अंगण’ नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जिच्या जिवावर कॉम्प्युटर उठतो, बसतो, फायली उघडतो, ती. या अंगणाला मालक नाही. देशभरातली हौशी मंडळी आपापल्या घरी बसून ती लिहितात आणि वाटेल त्यानं ती फुकट वापरावी. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. पण पक्की निघायच्या आधी अल्फा येते, मग बीटा येते, आणि या कच्च्या मालात खडे किती आहेत ते कोणाला तरी दाताखाली घेऊन बघावंच लागतं. मराठीपुरते ते दात सरलाबाईंचे होते. त्यासाठी त्यांनी एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवला होता. अशोकराव त्याला बकरा म्हणायचे, कारण दर सहा महिन्यांनी तो बळी जायचा.

सरलाबाईंना यात मनापासून मजा यायची. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात त्यांची तीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढण्यात गेली होती आणि त्याबद्दल कोणी कधी चांगलं बोललं नव्हतं. इथं चूक काढली की बंगळुरूचा, गुवाहाटीचा, कुठला कुठला पोरगा ‘थँक यू मॅडम’ लिहायचा. माणसाला आणखी काय हवं?

अंगणवाल्यांचा एक नियम होता. प्रत्येक भाषेला एक तपासनीस. बीटाची मुदत संपायच्या आत त्यानं एक तर हिरवी खूण द्यायची, नाही तर लाल. लाल दिली तर ती भाषा त्या खेपेला बाहेर. हिरवी दिली की आवृत्ती लोकांकडे रवाना, आणि खुणेखाली तपासनिसाचं नाव, सगळ्यांना दिसेल असं. ही खूण ज्याच्या-त्याच्या चावीनंच देता यायची. चावी म्हणजे पेन ड्राइव्हसारखं एक छोटं डोंगल आणि त्याचा पासवर्ड. ती कोणाला द्यायची नाही, दिली तर कायमचं नाव कापलं जाईल, हे नियमाच्या पहिल्याच ओळीत होतं.

सरलाबाईंना या वाटेला लावलं ते उन्मेषनं. उन्मेष म्हणजे त्यांच्या कार्यालयातल्या मैत्रिणीचा, नीलाचा मुलगा. नोएडात कंपनीत होता आणि अंगणाच्या मराठीचं सगळं काम तोच जमवून आणायचा. पहिली अल्फा कशी चढवायची, बिघाड कसा नोंदवायचा, हे त्यानं शेजारी बसून शिकवलं. दोन वर्षांपूर्वी नीला गेली. तेव्हापासून दर रविवारी तो मयूर विहारला जेवायला यायचा आणि पाटवडीची आमटी ओरपून सोफ्यावर आडवा व्हायचा. सरलाबाईंनी त्याला कधी पाहुणा मानलंच नाही.

आणि त्या हिरव्या खुणेकडे डोळे लावून बसणारा एक माणूस होता. गाझियाबादच्या वसुंधरा भागात राहणारे बाबुराव मेश्राम, वय वर्षं ब्याऐंशी. सदुसष्ट साली भंडाऱ्याहून कारकून म्हणून दिल्लीत आले आणि इथलेच झाले. तीन वर्षांपासून ते एक पुस्तक लिहीत होते. विदर्भातून, मराठवाड्यातून नोकरीसाठी दिल्लीला आलेली आपली बौद्ध कुटुंबं पहिल्यांदा कुठं उतरली, आडनाव ऐकून कोणी खोली नाकारली, पहिली बुद्धवंदना कोणाच्या क्वार्टरमध्ये झाली, हे सगळं. त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं सरलाबाईंनी. सगळं मराठीत लावून दिलं. फोल्डरचं नावसुद्धा बाबुरावांनी स्वतः टाइप केलं, ‘आमची दिल्ली’. त्या दिवशी म्हातारा लहान मुलासारखा खूश होता.

त्या पुस्तकाचा जीव म्हणजे भानुमतीबाईंचं प्रकरण. भानुमतीबाई एक्याण्णव वर्षांच्या. नवरा आधी दिल्लीत आलेला, त्याच्यामागून एकट्या, कडेवर पोर घेऊन, नागपूरहून इथं आलेल्या. वर्षानुवर्षं त्या कोणाशी याबद्दल बोलल्या नव्हत्या. नोव्हेंबरात बाबुरावांच्या घरी येऊन दोन दुपारी बोलल्या. “मशीन समोर ठेवलंस तर मी तोंड उघडणार नाही,” असं आधीच बजावलेलं, म्हणून रेकॉर्डिंग नाही. त्या बोलत गेल्या आणि बाबुराव दोन बोटांनी शब्दन् शब्द टाइप करत गेले. डिसेंबरात भानुमतीबाई वारल्या. आता ते बोलणं जगात एकाच ठिकाणी होतं, बाबुरावांच्या त्या फोल्डरमध्ये. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सरलाबाई येऊन त्याची कॉपी काढणार होत्या, आणि नेमकी त्याच रविवारी बीटा आली. कॉपी राहिली.

“काका, मी हो म्हटल्याशिवाय नवीन काही चढवायचं नाही हं,” असं त्यांनी बाबुरावांना फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं.

“सही बघितल्याशिवाय मी आयुष्यात फाईल हलवली नाही,” बाबुराव म्हणायचे. “तुझं नाव खाली दिसलं की मगच.”

तर ही बीटा. सरलाबाईंनी ती बकऱ्यावर चढवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या दाताखाली भलामोठा खडा आला. नवी आवृत्ती चढताना जुन्या, निकामी फोल्डरांची साफसफाई करायची. आणि देवनागरीत नाव असलेलं फोल्डर तिला ओळखूच येत नव्हतं. जे ओळखता येत नाही ते निकामी, असं तिचं साधं तत्त्व. आतलं सगळं झाडून मोकळी. फोल्डरला इंग्रजी नाव देणाऱ्यांना काही धोका नव्हता, आणि आपली बहुतेक माणसं इंग्रजीच नाव देतात, त्यामुळे हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरलाबाईंनी तीनदा करून बघितलं, तीनदा फोल्डर रिकामं झालं. त्यांनी बिघाड नोंदवला आणि उन्मेषला फोन केला.

“मावशी, एकदम सॉलिड पकडलंत,” उन्मेष म्हणाला. “फिक्स येतोय. तेराला, नाहीतर चौदाला सकाळी, बिल्कुल पक्का.”

मुदत चौदा जानेवारीला संध्याकाळी सहाला संपत होती. आणि चौदा जानेवारी म्हणजे संक्रांत, म्हणजे पानिपत. दिल्लीतली मराठी मंडळी त्या दिवशी पानिपतजवळच्या काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी जातात, तिथं पडलेल्यांना हात जोडतात आणि तिळगूळ वाटून परत येतात. यंदा मंडळाच्या बसचं सगळं अशोकरावांच्या गळ्यात होतं. बायको बसमध्ये नसेल तर बेचाळीस माणसांचा नाश्ता कोण बघणार?

तेराला दुरुस्ती आली नाही. संध्याकाळी उन्मेष घरी आला, आणि सरलाबाईंनी चावी, पासवर्डसकट, त्याच्या हातात ठेवली.

आता कोणी म्हणेल, एवढी शहाणी बाई, नियम वाचलेली, असं कसं केलं? पण ज्यानं सरकारी कचेरीत नोकरी केली आहे तो असं विचारणार नाही. तिथं साहेबाचं सहीचं डोंगल साहेबाकडे कधी असतं का? ते पीएच्या ड्रॉवरमध्ये असतं, पासवर्डची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली. साहेब दौऱ्यावर, साहेब सुट्टीवर, साहेब जेवायला, आणि सही होतच असते. सरलाबाईंनी स्वतः आठ वर्षं आपल्या साहेबांचं डोंगल सांभाळलं होतं. विश्वासाच्या माणसाला आपली सही देणं यात काही गैर आहे, हे त्यांच्या अंगात कधी भिनलंच नव्हतं. उलट त्यात मान होता.

“दुरुस्ती आली की आधी बकऱ्यावर चालवून बघ,” त्यांनी लॅपटॉपही त्याच्या पिशवीत घातला. “फोल्डर भरलेलं राहिलं तरच हिरवी. नाही आली दुरुस्ती, तर सरळ लाल. मराठी सहा महिने थांबली तर आभाळ कोसळत नाही.”

“चिंता नको, मावशी,” उन्मेष म्हणाला आणि दोन तिळाचे लाडू खिशात घालून गेला.

सकाळी बसमध्ये सरलाबाई दर अर्ध्या तासानं फोन बघत होत्या. अशोकराव म्हणाले, “अगं, पोरावर विश्वास आहे ना तुझा?”

“आहे तर.”

“विश्वास तर पानिपतात गेला,” अशोकराव म्हणाले. हा विनोद ते दरवर्षी याच रस्त्यावर करायचे आणि दरवर्षी मागच्या सीटवरचे लोक हसायचे. यंदाही हसले.

परतताना मुरथलला पराठ्यांसाठी बस थांबली तेव्हा उन्मेषचा मेसेज आला. ‘झालं मावशी. हिरवी.’ सरलाबाईंच्या जिवावरचं ओझं उतरलं. दुरुस्ती आली, पोरानं चालवून बघितली, काम फत्ते. त्यांनी आणखी एक पराठा मागवला, वर लोणीही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाबुरावांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

“सरला, ‘आमची दिल्ली’ कुठं ठेवलीस तू?”

सरलाबाई रिक्षा करून वसुंधराला पोचल्या. पडद्यावर नवी कोरी आवृत्ती झळकत होती. ‘आमची दिल्ली’ नावाचं फोल्डर होतं. उघडलं तर आत काही नव्हतं. बाबुरावांनी चष्मा पुसत सांगितलं, “सकाळी उठलो, मराठी हिरवी दिसली. खाली तुझं नाव वाचलं. दोनदा वाचलं. मग बटण दाबलं.”

सरलाबाईंनी तिथंच बसून बिघाडांची यादी उघडली. त्यांनी नोंदवलेला बिघाड तसाच होता. दुरुस्ती आलेलीच नव्हती. आणि त्या बिघाडाच्या वर, काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दिलेली हिरवी खूण होती: सरला गजभिये. ज्या वेळी त्या काला अंबला हात जोडून उभ्या होत्या, त्या वेळी त्यांच्या नावानं कोणीतरी ‘सगळं ठीक आहे’ म्हणून सांगत होतं. आणि तो कोणीतरी कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“काका, एक चूक झाली आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मी बघते. मिळेल.”

कॉम्प्युटर उचलून त्या थेट नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेल्या. दुकानदारानं तो उघडला, दोन तास काहीबाही केलं आणि मान हलवली. “मैडम, जो गया सो गया. नई वाली डिस्क है, इसमें मिटा हुआ डेटा रुकता नहीं. पुराने वाले में होता तो कुछ निकल आता.” दिवाळीच्या आधीची कॉपी सरलाबाईंकडे होती. तेवढी पहिली अकरा प्रकरणं बचावली. भानुमतीबाई गेल्या, दुसऱ्यांदा.

सतरा तारखेला दुपारी त्या नोएडाला उन्मेषच्या कंपनीत जाऊन धडकल्या. तो त्यांना खालच्या कँटीनमध्ये घेऊन आला.

“मावशी, बसा ना आधी. कॉफी सांगू?”

“दुरुस्ती आली होती?”

“येणारच होती यार. तो डेव्हलपर आजारी पडला...”

“आली होती का?”

“नाही.”

“बकऱ्यावर चालवून बघितलंस?”

“काय बघणार? फॉल्ट तर माहीतच होता.” मग तो एकदम भरभर बोलायला लागला. “मावशी, समजून घ्या. काल सोळाला कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी अंगणाचा डेमो होता माझा. मोठे मोठे लोक आले होते. मराठी लाल असती तर काय दाखवणार होतो? दोन वर्षं घालवलीत मी. आणि देवनागरीत फोल्डर ठेवतं कोण, सांगा ना?”

“बाबुरावकाका ठेवतात. तुला माहीत होतं. तू त्यांच्या घरी बसून चहा प्यायला आहेस.”

“ते तर तुमच्या सांगण्याशिवाय काही अपडेट करतच नाहीत! मला वाटलं, ते सेफ आहेत.”

“त्यांनी माझ्या सांगण्यावरूनच केलं,” सरलाबाई म्हणाल्या. “नाव कोणाचं होतं तिथं?”

क्षणभर त्याचा चेहरा अगदी नीलासारखा दिसला आणि सरलाबाईंना वाटलं, आता हा रडेल, आणि आपण याला माफ करू. पण तो रडला नाही. खुर्ची पुढं ओढून म्हणाला, “मावशी, तुम्हीच तर सांगायचात, साहेब नसले की त्यांची सही तुम्हीच करायचात. मी पण तेच केलं ना?”

“साहेबांनी ‘नको’ म्हटलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही.”

“अच्छा, ठीक आहे. चूक झाली. सॉरी. पण हे आत्ता लिहू नका कुठं. डेमो चांगला झालाय. मार्चमध्ये फिक्स आला की मी गुपचूप सगळं नीट करतो. आणि मावशी, चावी तुम्ही दिलीत हे कळलं तर पहिलं नाव तुमचं कापतील. मी तुमच्यासाठी म्हणतोय.”

म्हणजे केसानं गळा कापायचा आणि वर रक्त तुमच्याच पदराला लागेल म्हणून काळजी करायची. सरलाबाईंना राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. दोन वर्षं दर रविवारी ताटावर बसवलेलं पोर. त्यानं त्यांच्या नावाकडे फक्त एक डोंगल म्हणून पाहिलं होतं. त्यांनी हात पुढं केला, त्यानं चावी दिली, आणि त्या उठल्या.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी खूण लाल केली. मग अंगणाच्या उघड्या यादीवर, जिथं सगळ्यांना दिसतं तिथं, सगळं लिहिलं. बिघाड माहीत होता. दुरुस्ती आली नव्हती. हिरवी खूण उन्मेषनं दिली, माझ्या चावीनं. चावी मी दिली होती. ज्यांची फोल्डरं देवनागरीत आहेत त्यांनी ही आवृत्ती चढवू नये. अशोकरावांनी मागून वाचलं आणि म्हणाले, “शेवटून दुसरी ओळ काढ. तुझं नाव कशाला?” सरलाबाईंनी काढली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगणवाल्यांच्या यादीतून दोन नावं गेली, उन्मेषचं आणि त्यांचं. उन्मेषनं दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

मग त्या बाबुरावांकडे निघाल्या. कॉम्प्युटर परत द्यायचा होता, पण खरं कारण ते नव्हतं. माणूस किंमत मोजून खरं बोलला की त्याला वाटतं, आता कोणीतरी आपल्या पाठीवर हात ठेवावा. सरलाबाईंना तो हात बाबुरावांचा हवा होता.

बाबुराव टेबलाशी बसून वहीत लिहीत होते. सरलाबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पानिपत, चावी, उन्मेष, डेमो, यादीवरून गेलेलं नाव, काही ठेवलं नाही. बाबुरावांनी पेन हातात तसंच धरून ऐकून घेतलं.

“म्हणजे ती सही तुझी नव्हती.”

“नव्हती, काका. त्यानं दगा दिला मला.”

“आणि तुझं नाव त्याच्या हातात कोणी दिलं?”

“मी.”

“बसमध्ये बसायच्या आधी मला एक फोन केला असतास, की काका, या वेळी नाव माझं असलं तरी बघणारी मी नाही, तर मी थांबलो असतो की नाही?”

“थांबला असता.”

“मग त्या पोरानं तुला फसवलं, सरला,” बाबुराव म्हणाले. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “मला त्यानं नाही फसवलं. त्याच्या नावावर मी बटण दाबलं नव्हतं.”

सरलाबाईंनी कॉम्प्युटर टेबलाच्या कडेला ठेवला. बाबुरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वहीवर बोट ठेवून ते म्हणाले, “भानुमतीबाईंचं आठवेल तेवढं लिहून काढतोय. दुसऱ्या दुपारी तू होतीस ना इथं? तो घरमालक दारात आडवा उभा राहिला, तेव्हा बाईंनी त्याला काय उत्तर दिलं होतं? एकच वाक्य होतं. मी जसंच्या तसं टाइप केलं होतं, पण आता काही केल्या आठवत नाही.”

सरलाबाई होत्या त्या दुपारी. बाबुरावांच्या खांद्यामागं उभ्या होत्या. पडद्यावर अक्षरं नीट उमटतात की नाही, जोडाक्षरं तुटतात की काय, हे त्या बघत होत्या. एकही तुटत नव्हतं, हे त्यांना लख्ख आठवत होतं. भानुमतीबाई काय म्हणाल्या, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.

“नाही आठवत, काका.”

बाबुरावांनी मान हलवली, एक ओळ कोरी सोडली आणि खालच्या ओळीवर पुढचं लिहायला घेतलं.